तीन पडदे खाली

सोमवार, ४ मार्च

पियानो येणार. झालं, आता सगळं बाहेर पडणार.

सकाळी, नवरा दर शनिवारी गातो त्या क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला. ह्याला गिटार हातात घेऊन यंदा पन्नास वर्षं होतात, म्हणून क्लब ह्याची बारा गाण्यांची रेकॉर्ड काढणार आहे. खराखुरा स्टुडिओ, काचेपलीकडे बसलेला खराखुरा रेकॉर्डिस्ट, आणि – हे सेक्रेटरींनी मुलांना बक्षीस सांगतात तसं शेवटी सांगितलं – पियानो. तारीख तेवीस.

हा इतका खूश, की अर्धीच दाढी करून बाहेर आला. "दहा वर्षं पियानोशिवाय गातोय. म्हणजे सूट घालून अनवाणी हिंडण्यासारखं." मग वस्तरा माझ्याकडे रोखून म्हणाला, "आणि ऐक. सगळी गाणी मूळ पट्टीत. पन्नास वर्षांत ह्या माणसाने पट्टी उतरवलेली नाही, हे वेष्टनावर छापायला सांग त्यांना."

मी म्हटलं, छापायची एवढी काय घाई आहे.

वहीला सांगायला हरकत नाही. गेली सात वर्षं मी ह्याची गिटार ह्याच्या नकळत खाली लावते आहे. आधी अर्धा सूर, म्हणजे गिटारच्या मानेवरचा एक पडदा. दोन-तीन वर्षांनी आणखी एक. गेल्या हिवाळ्यात तिसरा. ह्याची बोटं पन्नास वर्षं जिथे पडत आली तिथेच पडतात, पण आवाज निघतो तीन पडदे खालचा, आणि वयाबरोबर खाली आलेला ह्याचा गळा त्यात ऐसपैस बसतो. ह्याला वाटतं, गळा अजून तिशीत आहे. बासवाल्याला मी विश्वासात घेतलंय, तो बिचारा मुकाट खाली वाजवतो. ड्रमला पट्टी नसते. चौथं कुणी नाही.

पण पियानोच्या खुंट्या मला पिळता येणार नाहीत. पियानो असतो तिथेच असतो, आमच्या शाळेच्या मदर सुपीरिअरसारखा. तो वाजणार मूळ पट्टीत, हा वाजवणार तीन पडदे खाली. पहिल्याच सुराला ते सगळ्या स्टुडिओला कळेल. आणि ह्यालाही.


मंगळवार, ५ मार्च

गिटार मी लावायची, हे ठरलं अकरा वर्षांपूर्वी.

एकतीस वर्षं मी कॉन्व्हेंट शाळेत संगीताची मिस होते. मग संगीताच्या खोलीत संगणक मांडले गेले, पियानो गोदामात गेला आणि मी घरी आले. एप्रिल महिना होता. आणि कसं असतं बघ, लगोलग मे महिन्यात ह्याचे कान गेले! सगळेच नाही. बोललेलं ऐकू येतं, बिस्किटांच्या डब्याचं झाकण तर दोन खोल्यांपलीकडून ऐकू येतं. गेलं ते एवढंच – तार सुरात आहे की नाही, ते कळेना. एका संध्याकाळी गिटार आणून माझ्या मांडीवर ठेवली. "मला काही कळेना. तू लाव."

त्या दिवसांत मी जरा मंदच झाले होते. दिवसभर खिडकीशी बसायचे. केसही विंचरायचे नाही, असं नणंद अजून चारचौघांत सांगते. मी म्हटलं, उद्या बघू. तो म्हणाला, कार्यक्रम आज आहे. मग काय, लावावीच लागली.

तेव्हापासून रोज साडेपाचला. सिस्टरांनी मला शाळा सोडताना दिलेला नादकाटा गुडघ्यावर आपटायचा, कानाशी धरायचा, आणि त्या सुरावरून सहा तारा. खरं म्हणजे पाच मिनिटांचं काम. पण हा समोर चहा घेऊन बसतो, आणि मला लावता लावता बोलायची सवय – जिन्यात कोण भेटलं, कोण कुणाशी बोलेनासं झालं – त्यात अर्धा तास सहज जातो.

कानाच्या डॉक्टरकडे मात्र आजतागायत आलेला नाही. "कान माझे आहेत," म्हणतो. जसे काही मी मागतेय.


गुरुवार, ७ मार्च

युक्ती सुचली होती. रोज पाव पडदा वर चढवायचा, म्हणजे तेवीस तारखेच्या बऱ्याच आधी गिटार मूळ जागी. दुखण्यातून उठलेल्या माणसाला चालायला लावतात तसं, हळूहळू.

काल पाव, आज पाव. म्हणजे सगळी मिळून अर्धा पडदा. ह्याने बोटीचं गाणं धरलं. हे ह्याचं स्वतःचं. लग्नाआधी दोन वर्षं प्रवासी बोटीवरच्या बँडमध्ये होता, तेव्हा केलेलं. बोट सुटते, प्रेयसी बोटीवर, कपड्यांची पेटीही बोटीवर, हा एकटा धक्क्यावर – असं काहीतरी. अतिशय दुःखाचं आहे आणि ऐकणाऱ्याचा पाय एक क्षण जमिनीवर ठरत नाही. शेवटच्या ओळीला आवाज वर न्यायचा असतो.

नेला. वर जाऊन त्याचं जे काही झालं, त्यानंतर वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. "काही पडलं का हो?"

"हवा कोरडी आहे," हा म्हणाला.

मग मिठाच्या गुळण्या. मग मफलर, ऐन मार्चात. मग आरशासमोर उभा राहून हळूच, अगदी ओठातल्या ओठात, ती ओळ पुन्हा म्हणून बघत होता. मी दारातून पाहिलं आणि मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की तो आंघोळीला गेल्याबरोबर तारा होत्या तिथे आणून ठेवल्या.

युक्ती रद्द.


शुक्रवार, ८ मार्च

तारांच्या दुकानात गेले. खाली लावलेली पातळ तार ढिली पडून खडखडते, म्हणून मी जाड तारा घेते आणि घरी येऊन त्या पातळ तारांच्या जुन्या पाकिटात भरते. दुकानदाराने आज विचारलंच. "साहेबांच्या बोटांना फरक कळत नाही?"

"कळतो ना. म्हणतात, हल्ली तारा फार चांगल्या बनवतात."


शनिवार, ९ मार्च

क्लबमध्ये सहा ते आठ, नेहमीप्रमाणे. मध्यंतरात बासवाल्याला गाठलं. त्याला सगळे खांब म्हणतात – एक तर उंची, दुसरं म्हणजे बोलणं. सव्वीस वर्षं ह्याच्या डाव्या हाताला उभा आहे आणि माझ्या आठवणीत त्याने एक सबंध वाक्य बोललेलं नाही.

मी म्हटलं, "भाऊजी, पियानो येतोय."

"बरं."

"अहो, बरं काय? आपलं बिंग फुटणार."

त्याने छताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं काहीतरी सुचतंय. मग म्हणाला, "केक उरलाय का?"

तिकडे हा माईकवर लोकांना सांगत होता, "पन्नास वर्षं मंडळी, आणि पट्टी तीच. विचारा आमच्या बाईंना." सगळ्यांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मी मान डोलावली. कन्फेशनला जायची सवय सुटून किती वर्षं झाली, नाहीतर फादरना चांगला आठवडाभर पुरेल एवढं साठलंय.


रविवार, १० मार्च

आज उगाच जुनं सगळं आठवत बसले.

मी बावीस वर्षांची, शाळेत नुकतीच लागलेली. वार्षिक समारंभाला बाहेरचा बँड बोलावला होता आणि सिस्टरांनी मला बजावून ठेवलं होतं, "नीट लक्ष ठेव, ही हॉटेलात वाजवणारी माणसं आहेत." चार पुरुष, चौघांचे कोट एकाच कापडाचे, आणि गिटारवाल्याची बाही चार बोटं आखूड. बाकीचे चहा पीत होते, हा एकटा कोपऱ्यात वाजवत बसला होता. मी जाऊन म्हटलं – ही माझी ह्याच्याशी बोललेली पहिली गोष्ट – "तुमची दुसरी तार जरा खाली आहे."

ह्याची डावी भुवई वर गेली. फक्त डावी. मग तार छेडून पाहिली, खुंटी केसभर फिरवली आणि म्हणाला, "बाई, ती खालीच ठेवली होती. दुःख आहे त्या गाण्यात."

मग त्याने ती नोट दाखवली. दोन सुरांच्या मधली, इकडेही नाही, तिकडेही नाही. तार बोटाने जरा ओढली की येते. आमच्या पियानोत ती नोटच नव्हती. पियानोत काळी पट्टी नाहीतर पांढरी पट्टी, मधे फट. त्या फटीत हा माणूस राहत होता. सिस्टर मागून म्हणाल्या, "हे चुकीचं आहे." मी म्हटलं, "हो, सिस्टर." आणि सात महिन्यांनी त्याच्याशी लग्न केलं.

पुढे काय काय वाजवलं ह्याने. हॉटेलच्या डान्स फ्लोअरवर चौदा वर्षं, एकाच पामच्या कुंडीशेजारी. पाम मेला, नवा आला, हा तिथेच. सिनेमाच्या स्टुडिओत ऐंशी वादकांत मागून तिसऱ्या रांगेत. अजून टीव्हीवर ते गाणं लागलं की जेवता जेवता एक बोट वर करतो – "हा मी." तेवढ्यात ते तीन सेकंद संपतात. हॉटेलवाल्यांनी शेवटी बँड काढून गाणी वाजवायचं मशीन आणलं, तेव्हा हा निरोप घ्यायला सगळ्यांना भेटला आणि जाताना मशीनशीही हात मिळवून आला. म्हणाला, "त्याला काय माहीत, बिचारं उद्यापासून एकटं आहे."

अशा माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू, की तुझा गळा उतरलाय आणि मी तुला सात वर्षं फसवते आहे?


मंगळवार, १२ मार्च

देव आहे.

पियानो वाजवणारी कोण निघावी? माझी विद्यार्थिनी! सातवी ब. अंगठा कायम चुकीच्या पट्टीवर, आणि रागावलं की म्हणायची, "मिस, अंगठ्याला वेगळं शिकवा." आता चाळिशीची आहे, चष्मा आहे, परदेशांत वाजवून आली आहे.

फोन करून तिच्या घरी गेले. तिने मला बघून आधी नखं लपवली – जुनी सवय, नखं वाढलेली असली की मी पट्टी मारायचे. सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मग हसायला लागली, मग चष्मा काढून पुसला.

"मिस, त्यात काय? मीच तीन पडदे खाली वाजवते. मला लिहून द्या, म्हणजे चुकायला नको. बाराही गाणी."

"त्याला कळता कामा नये."

"पण त्यांचे कान –"

"गेलेत."

"अगदी?"

"बिस्किटांचा डबा सोडून."

म्हणजे आता एकच काम. बारा गाणी, पियानोसाठी, पाच रेघांवर, दीड सूर खाली उतरवून. दहा दिवसांत. दुपारी हा झोपतो तेवढ्यात.


गुरुवार, १४ मार्च

तीन झाली. टाक, दौत, पट्टी सगळं काढलं. अकरा वर्षांनी हात वळत नव्हता, आता वळतो. ठिपका काळा, गोल, रेघेवर बसलेला – सिस्टर म्हणायच्या, तारेवर चिमण्या बसल्यासारखा दिसला पाहिजे, कावळ्यासारखा नको.

लपवायची जागा: शिलाई मशीनचा खण.


शनिवार, १६ मार्च

सात झाली. आज पकडलीच गेले होते.

झोपलाय म्हणून मी खुशाल टेबलभर कागद पसरले होते. मागून आवाज आला, "काय गं हे?" माझ्या हातातून टाक पडला. म्हटलं, "शाळेच्या जुन्या वह्या. माळ्यावर सापडल्या. उतरवून ठेवतेय."

"शाई ओली दिसते."

"दमट होता माळा."

एक कागद उचलला. ह्याला नोटेशन वाचता येत नाही, सगळं आयुष्य कानावर काढलंय, त्यामुळे मी तशी निर्धास्त होते. कागद जरा लांब धरला, जवळ धरला. "सुंदर अक्षर आहे तुझं. हा एक ठिपका मात्र बिचारा एकटाच वर पडलाय," म्हणाला आणि बिस्किटं शोधायला गेला.

नंतर तपासलं तर खरंच तो ठिपका चुकला होता. तो सूर तिथे नकोच. योगायोग बघ! चित्र म्हणून बघणाऱ्याला पण खटकावा, इतकं चुकले मी.


सोमवार, १८ मार्च

नणंद येऊन गेली. सूर म्हणजे काय हे तिला देवाने दाखवलेलं नाही, पण मत आहे. "दादाचा आवाज अगदी तस्साच गं. लग्नात गायला होता तस्सा." हा खुर्चीत इंचभर उंच झाला. "ऐकलंस?"

मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू मात्र हल्ली चांगली दिसतेस. मधे ती कशी झाली होतीस, नुसती भूत होऊन खिडकीत. दादा रोज फोन करून रडायचा माझ्याकडे."

रडायचा? मला कधी बोलला नाही. नणंदेला तिखटमीठ लावायची सवय आहे.

अकरा झाली.


बुधवार, २० मार्च

रिहर्सल.

बाराही गाणी तिच्या हवाली केली होती. बजावून ठेवलं होतं, पट्टीचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. क्लबच्या हॉलमध्ये पियानो आणून ठेवलेला. मी मागच्या खुर्चीवर, पर्स पोटाशी धरून. खांब त्याच्या जागेवर छत बघत होता.

हा उभा राहिला, गिटार गळ्यात, आणि सगळ्यात आधी तिला म्हणाला, "बाई, मूळ पट्टीचा सा द्या बघू एकदा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले. तिने सूर दिला. तीन पडदे खालचा.

ह्याने मान तिरकी करून ऐकला, चांगला दोन-तीन श्वास ऐकला. "बरोबर," म्हणाला. "हाच. पन्नास वर्षं."

आणि वाजायला लागलं! गिटारला पियानो मिळाला, खालून खांब मिळाला, आणि दहा वर्षांनी तो भरलेला आवाज. बोटीच्या गाण्यात हा वर गेला आणि असा अलगद उतरला, की त्या मुलीने वाजवता वाजवता मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि सातवीत पास झाली होती तशी हसली.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडून घेतलं. एक तर सुटले म्हणून. आणि दुसरं – दीड सूर. दीड सुराचा फरक, आणि माझ्या ह्या माणसाला कळू नये? ज्याने कधीकाळी मला दोन पट्ट्यांमधली फट दाखवली होती? इतके गेले कान?


शुक्रवार, २२ मार्च

उद्या. कोट इस्त्रीला दिला. बाही आता बरोबर आहे. माझ्या पर्समध्ये: नादकाटा, सहाही तारांचा जास्तीचा संच, खडीसाखर, मफलर. हा म्हणाला, "लढाईला चाललीस का?"


शनिवार, २३ मार्च

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिणारच नाही.

स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना सतरंज्यांसारखं काहीतरी ठोकलेलं. मधे काच. काचेच्या अलीकडे रेकॉर्डिस्ट – डोळ्यांखाली काळं, कपात पेन्सिली. बाहेर पॅसेजमध्ये बाक. दारावर लाल दिवा. तो लागलेला असला की शिंकायचंही नाही. सकाळी घरी मी गिटार लावून दिली होती. हा म्हणाला, "नीट लावलीस ना? मला काही कळत नाही." मी म्हटलं, "नीट लावलीय."

दुपारपर्यंत नऊ गाणी झाली. एकही परत घ्यावं लागलं नाही. मी थर्मास भरून आणायला कोपऱ्यावर गेले. परत आले तर लाल दिवा विझलेला. रेकॉर्डिस्टच्या खोलीत डोकावले. तो म्हणाला, "तार तुटली साहेबांची. थांबलोय."

माझा हात पर्समध्ये गेला. तार हाताला लागली, काटा लागला. आता हा मला शोधत असेल, काचेवर टकटक करून आत जावं, म्हणून मी काचेशी गेले.

तो मला शोधत नव्हता. पाठमोरा बसला होता, जरा तिरका. नवी तार – स्वतःच्या कोटाच्या खिशातली – खुंटीत ओवून झाली होती. मान खाली घालून गिटारच्या पोटाला कान लावला. पियानोकडे बघितलं नाही. कुणाला सूर मागितला नाही. खुंटी फिरवली, एकदा, दोनदा, केसभर मागे. मग नव्या तारेच्या ताणाने बाकीच्या जरा हलतात त्या – पाचवी किंचित, चौथी नुसती स्पर्शाने. सगळ्या तारांवरून एकदा अंगठा फिरवला.

काचेतून स्पीकरवर आला आवाज. सुरात. चिमण्या बसाव्यात तशा सहाच्या सहा. आणि तीन पडदे खाली.

रेकॉर्डिस्ट घड्याळाकडे बघून म्हणाला, "मिनिटसुद्धा नाही लागलं. वीस वर्षं हे काम करतोय बाई, असा कान मी पाहिलेला नाही."

तेवढ्यात खांबाला मी दिसले. त्याने छताकडे पाहिलं.

मी मागच्या मागे पॅसेजमध्ये आले, बाकावर बसले, आणि कपात चहा ओतत राहिले. कप भरून पायावर आला तेव्हा कळलं.

सात वर्षं. जाड तारा, जुनं पाकीट. "हल्ली तारा फार चांगल्या बनवतात." एकटा पडलेला ठिपका. "पन्नास वर्षं, विचारा आमच्या बाईंना." मी माझे ओठ चावत होते, तेव्हा तो त्याचे चावत असणार.

एवढंच असतं तर मी हसले असते. हसायला सुरुवातही केली होती. मग मनात आलं – तर मग कान? कान कधी गेले होते?

शाळा एप्रिलात संपली. कान मे महिन्यात गेले.

पाच मिनिटांचं काम.

लाल दिवा लागला, विझला, लागला. बोटीचं गाणं सगळ्यात शेवटी घेतलं. दाराला कान लावून ऐकलं. वर गेला, अलगद उतरला.

बाहेर आला तो घामाघूम, मोठ्या खुशीत. "बरं झालं तू नव्हतीस, घाबरली असतीस. तार तुटली मधेच. खांबाने बदलून, लावून दिली. नाहीतर मला मेल्याला काय कळतंय!"

मी खांबाकडे पाहिलं.

"बरं," खांब म्हणाला.


रविवार, २४ मार्च

साडेपाच. चहा. गिटार माझ्या मांडीवर. "लाव बघू. मला काही कळेना."

काटा गुडघ्यावर आपटला. सगळ्या तारा लावल्या आणि दुसरी मुद्दाम केसभर वर ठेवली. "कशी आहे?" विचारलं.

त्याची डावी भुवई वर गेली. फक्त डावी. "वा," म्हणाला. "सुरेख."

मग मी ती खाली आणली, आणि लावता लावता त्याला सगळ्या जिन्याच्या बातम्या सांगितल्या. आज मुद्दाम पाऊण तास लावला.